लेखनिक हवा, शिक्षण कमी

विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य केंद्राच्या अर्जात एकूण एकोणीस अटी होत्या आणि त्यांतली सातवी अशी होती: 'हाताने लिहिता येत नसल्याबद्दलचा विनंतीअर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून सोबत जोडावा.'

स्टेनोकाकांनी ती अट तीनदा वाचली. दुसरा कोणी हसला असता, निदान चिडला असता. स्टेनोकाका दोन्ही करणाऱ्यांतले नव्हते. चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत त्यांनी लघुलेखकाचं काम केलं होतं. साहेब बोलत, हे पेन्सिलीने वहीत टिपून घेत, मग टंकलिखित करून सहीला ठेवत. समोर आलेला मजकूर घ्यायचा असतो, त्यावर मत द्यायचं नसतं, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की लोक बोलू लागले की ते ऐकत नसत, उतरवून घेत. इमारतीत सगळे त्यांना स्टेनोकाकाच म्हणत, पोस्टमनसुद्धा.

निवृत्तीनंतर त्यांनी इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं. दीड वर्ष सुरळीत पार पडलं, आणि शेवटचे दोन पेपर उरले असताना त्यांच्या उजव्या हाताने संप पुकारला. आधी कपातला चहा बशीत सांडू लागला, मग बशीतला टेबलावर. डॉक्टरांनी कंपवाताचं निदान केलं, औषधं लिहून दिली, आणि निघताना मुलीला बाजूला न घेता स्टेनोकाकांनाच सरळ सांगितलं, "हात जरा आटोक्यात येईल. पण पुढेमागे आवाजही बारीक होईल. केव्हा ते मला सांगता येणार नाही. काही बोलायचं राहिलं असेल तर लांबणीवर टाकू नका."

स्टेनोकाकांनी याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. बोलायचे दोन पेपर राहिले होते. हात नाही तर लेखनिकाला तोंडी सांगून द्यायचे, आणि आवाज आहे तोवर द्यायचे. म्हणजे याच परीक्षेत. पुढची परीक्षा वर्षाने होती, आणि वर्षाची हमी डॉक्टर देत नव्हते.

"बाबा, तो विनंतीअर्ज मी लिहून देते," मुलगी म्हणाली.

"स्वतःच्या हस्ताक्षरात म्हटलंय."

"अहो, पण तुम्हाला लिहिता येत नाही म्हणून तर अर्ज करतोय ना आपण?"

"म्हणून तर तो मीच लिहायला हवा."

या बोलण्यात कुठेतरी एक पायरी गळली होती, पण ती कुठली ते मुलीला बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

स्टेनोकाका सकाळी नऊला टेबलाशी बसले. काना पुढच्या शब्दावर जाऊन पडे. वेलांटी ओळ सोडून समासात फिरायला जाई. अकराच्या सुमाराला त्यांना युक्ती सुचली. लघुलिपीत अक्षरं नसतातच, नुसत्या रेघा, टिंबं आणि वळणं. त्यांनी सबंध अर्ज लघुलिपीत लिहिला. बारीक तिरक्या रेघा, आणि त्यांवर थरथरत्या हाताची आपसूक नक्षी. स्वतःच्या मनाचा मजकूर लघुलिपीत लिहिण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे तो थोडा लांबलाही.

केंद्रातल्या कारकुनाने तो कागद उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, कोपऱ्यात 'ईसीजी' असा शेरा मारला आणि वैद्यकीय कागदांत लावून टाकला. मग त्याने डॉक्टरांचा दाखला उचलला. त्यावरचं अक्षर पाहून त्याला फार वाईट वाटलं. काय हालत झालीय बिचाऱ्याच्या हाताची, असं पुटपुटत त्याने तो दाखला 'विद्यार्थ्याच्या स्वहस्ताक्षरातील विनंतीअर्ज' म्हणून सर्वांत वर लावला.

दहा दिवसांनी पत्र आलं. विनंतीअर्ज समाधानकारक आहे. मात्र कंपवाताचा वैद्यकीय दाखला आढळला नाही, तो जोडावा. तसंच विद्यार्थ्याच्या हृदयाचा आलेख गंभीर दिसत असल्याने हृदयरोगतज्ज्ञांकडून परीक्षेस बसण्याची परवानगी आणावी.

हे पत्र उघडं आलं होतं की इमारतीत उघडलं गेलं हा वादाचा मुद्दा आहे, पण ते स्टेनोकाकांच्या हाती पडायच्या आधीच वरच्या मजल्यावरच्या मावशी दारात उभ्या होत्या.

"हृदयाचं आम्हाला बोलला नाहीत ते!"

"मावशी, हृदयाला काही झालेलं नाही. तो अर्ज आहे माझा."

"असं सगळेच म्हणतात सुरुवातीला. बसा तुम्ही. उभं राहून बोलू नका." मावशी स्वतः बसल्या. "हाताला मी सांगते ते करा. मुठीत गुळगुळीत दगड धरायचा आणि उलटे आकडे मोजायचे. माझ्या दिरांना गुण आला."

"त्यांनाही कंपवात होता?"

"नाही, त्यांची पाठ दुखायची."

दुसऱ्या दिवशी मावशींनी स्वतः दगड आणून दिला. तो वरवंट्याएवढा होता. स्टेनोकाकांनी तो नाकारला नाही. दिलेलं ठेवून घ्यायची सवय. पण तिसऱ्या दिवशी तो पायावर पडला आणि स्टेनोकाका केंद्रात पहिल्यांदा प्रत्यक्ष गेले ते लंगडत. दारावरच्या शिपायाने त्यांना सन्मानाने चाकाच्या खुर्चीत बसवलं. "अहो, हाताचं काम आहे माझं," असं ते सांगत असतानाच खुर्ची चालू लागली.

केंद्राच्या दाराशी खुर्च्यांसाठी छानशी सिमेंटची उतरण बांधली होती. ती जिथे संपे तिथे एक पायरी होती. खुर्ची त्या पायरीशी येऊन थांबली. आतून केंद्राच्या प्रमुख बाई बाहेर आल्या. गळ्यात चष्मा, हातात फायली, आणि चेहरा असा की याहून विचित्र काहीतरी त्यांनी सकाळीच निपटलं असावं.

"या पायरीसाठी तीन वर्षं पत्र पाठवतेय मी," त्या म्हणाल्या. "उतरण बांधकाम विभागाची, पायरी देखभाल विभागाची. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. उतरा काका, तुम्हाला चालता येतं असं दिसतंय."

बाईंनी फाइल उघडली. ईसीजी पाहिला. दाखला पाहिला. मग खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीकडे वळून म्हणाल्या, "ऐक, काय झालंय." ही मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. केंद्राची नियमावली तिला पानांच्या आकड्यांसह पाठ होती, त्यामुळे सगळे तिला वकीलबाई म्हणत. बाईंनी तिला सगळी हकिगत सांगितली आणि वकीलबाई इतक्या हसल्या की त्यांच्या मांडीवरची पांढरी काठी खाली पडली. स्टेनोकाकांनी ती उचलून दिली.

"सॉरी काका. पण तुमच्या अर्जावरून तुम्ही आठवडाभरही जगणार नाही असं त्यांना वाटलं असेल."

"मजकूर मात्र विनयशील होता," स्टेनोकाका म्हणाले. त्यांच्या स्वाभिमानाला लागलं होतं.

बाईंनी पाच मिनिटांत कागद जागच्या जागी लावले. हृदय खोडलं, हात लिहिला. "आता लेखनिक. आमच्याकडे यादी आहे, पण सगळे बारावीचे, आणि त्यांचीही परीक्षा त्याच आठवड्यात. तुम्हालाच शोधावा लागेल. अटी सांग गं."

"पान चौदा," वकीलबाई म्हणाल्या. "लेखनिक नातेवाईक नको, त्या विषयातला नको. आणि त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं. तुम्ही एम.ए.ला, म्हणजे आज पदवीधर; तेव्हा दुसरा पदवीधर चालणार नाही."

"अक्षर मात्र वाचता येईल असं हवं," बाई फाइलकडे बघत म्हणाल्या.

हे ऐकायला सोपं वाटतं. स्टेनोकाका राहत त्या इमारतीत बारा बिऱ्हाडं होती आणि मुलीने हिशेब केला तर त्यांत मिळून एकोणतीस पदव्या निघाल्या. पहिल्या मजल्यावर नुसत्या पीएच.डी.च दोन. स्टेनोकाकांनी तरीही सूचनाफलकावर चिठ्ठी लावायला लावली. मजकूर त्यांचा, अक्षर मुलीचं: 'लेखनिक हवा. शिक्षण कमी असणे आवश्यक. इच्छुकांनी भेटावे.'

दिवसभर कोणी आलं नाही. संध्याकाळी चिठ्ठीखाली कोणीतरी निळ्या शाईने लिहिलं: 'सेक्रेटरींना विचारा.' दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी चिठ्ठी काढली आणि आपलं पदवीचं प्रमाणपत्र आतल्या खोलीतून काढून हॉलमध्ये, दार उघडं असताना जिन्यावरून दिसेल अशा बेताने लावलं. त्या आठवड्यात स्टेनोकाकांना जिन्यात जो तो थांबवून, काही विचारलं नसताना, आपलं शिक्षण सांगत होता.

"मी आले असते हो," मावशी म्हणाल्या, "पण मी डबल ग्रॅज्युएट. आता ते पुसून कसं टाकणार?"

"नाही, नाही. पुसू नका."

"शिकून चूकच केली म्हणायची."

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. त्या शनिवारी सकाळी फोन वाजला आणि पलीकडचा खाकरण्याचा आवाज ऐकताच स्टेनोकाका खुर्चीतून उठून उभे राहिले. ते साहेब होते. चौतीस वर्षं ज्यांचा मजकूर त्यांनी घेतला होता तेच. निवृत्तीनंतर दोन गल्ल्या सोडून राहत आणि वर्षाकाठी एकदा रस्त्यात भेटत.

"स्टेनो, कमी शिकलेला माणूस शोधताय म्हणे."

"हो साहेब. आहे का कोणी ओळखीत?"

पलीकडे साहेबांनी घसा साफ केला. मजकूर सांगताना साहेब कधी अडत नसत. अडले तर घसा साफ करून तोच शब्द मोठ्याने म्हणत.

"आहे," साहेब म्हणाले. "मी."

स्टेनोकाकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. झाली नव्हती. साहेब बी.ए.च्या शेवटच्या वर्षी नापास झाले, त्याच उन्हाळ्यात नोकरीला लागले, आणि पुन्हा परीक्षेला बसायचं बसायचं म्हणता म्हणता इतके वर चढले की त्यांना पदवी विचारण्याची कोणाची छाती होईना. दारावरच्या पाटीवर नुसतं नाव होतं. लोकांना तो साधेपणा वाटे.

"पन्नास वर्षांत कोणाला सांगितलं नाही, स्टेनो. घरीसुद्धा नाही."

"मग आता कशाला सांगता साहेब? मी बघतो दुसरं कोणीतरी."

"दुसरं कोणी आहे?"

"नाही."

"मग?"

केंद्रात साहेब कोट घालून गेले. बाईंनी त्यांना पदवी नसल्याचा दाखला मागितला. तो घ्यायला ते परीक्षा विभागात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "आम्ही दिलेल्या पदवीचा दाखला देतो. न दिलेल्या पदव्यांचे दाखले द्यायला बसलो तर अख्ख्या गावाला द्यावे लागतील." साहेबांनी आयुष्यात अनेकांना असंच परत पाठवलं होतं, पण खिडकीच्या या बाजूने ते वाक्य कसं लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते घरी गेले आणि कपाटातून 'महत्त्वाचे' असं लिहिलेलं पाकीट घेऊन आले. त्यांच्या पत्नी इतकी वर्षं त्याला मृत्युपत्र समजत होत्या. आत गुणपत्रिका होती. तर्कशास्त्र: शंभरपैकी एकवीस.

बाईंनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उजळला. "एकवीस! अगदी छान. यावर कोणी हरकत घेणारच नाही."

त्या एकविसाबद्दल साहेबांना मिळालेली ही पहिली शाबासकी. ते नकळत "थँक यू" म्हणाले.

सराव स्टेनोकाकांच्या घरी सुरू झाला. टेबलाच्या लिहून घेण्याच्या बाजूला, जिथे कचेरीत आयुष्यभर स्टेनोकाका बसले, साहेब, हातात फाउंटन पेन. समोर स्टेनोकाका. मुलीने प्रश्न वाचला, "इतिहासाची लिखित साधने यावर टीप लिहा," आणि चहा टाकायला गेली. चहा झाला, गाळला, कप आणून ठेवले, तरी कागद कोराच.

"सांगा की," साहेब म्हणाले.

स्टेनोकाका तोंड उघडत आणि मिटत. उत्तर त्यांना येत होतं. पण ते सांगायचं म्हणजे कोणीतरी ते लिहून घेणार, आणि कोणीतरी म्हणजे साक्षात साहेब. साहेबांनी घसा साफ केला. त्याबरोबर स्टेनोकाकांचा थरथरता हात टेबलावर पेन्सिल शोधू लागला.

"लिखित साधने ही," साहेबांनी मदत म्हणून सुरुवात करून दिली, "इतिहासाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची असून—"

"—असून," स्टेनोकाका आज्ञाधारकपणे म्हणाले.

अशा रीतीने पहिल्या चार दिवसांत साहेबांची तीन उत्तरं तयार झाली आणि तिन्ही चुकीची होती. शेवटी मुलीने वकीलबाईंना गाठलं. त्या काठी टेकत आल्या, खुर्चीत बसल्या आणि दोन मिनिटं नुसतं ऐकलं.

"साहेबकाका, तुम्ही अजिबात बोलायचं नाही. 'पुढे' आणि 'परत सांगा'. एवढे दोनच शब्द तुमचे."

"पण यांचं वाक्य लांबतंय."

"लांबू दे. नापास झालं तर त्यांचं वाक्य नापास होईल." मग त्या स्टेनोकाकांकडे वळल्या. "आणि काका, तुम्ही कोणाच्या भाषेत बोलताय? 'सदरहू', 'उपरोक्त', 'अनुषंगाने'! मी दहावीपासून लेखनिकांना सांगतेय. समोरच्याला आवडेल ते सांगायला गेलात की गेलात. तुम्हाला वाटतं ते सांगा."

"मला काय वाटतं ते कोणी लिहून घेतलेलं नाही आजवर," स्टेनोकाका म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, माहिती होती.

"मग आता घेतायत ना! पुढे."

पुढच्या दोन आठवड्यांत 'सदरहू' गेलं. 'उपरोक्त' मधूनच डोकावे, पण वकीलबाई काठी आपटत आणि ते परत जाई. उत्तरं येऊ लागली. जरा पुस्तकी, जरा घाबरलेली, पण स्टेनोकाकांची. साहेबांनी दोन शब्दांवर भागवायची शिस्त पाळली. त्यांच्या रक्तदाबावर याचा परिणाम झाला, पण ते असो.

पहिल्या पेपराला त्यांना वेगळी खोली दिली होती. ती क्रीडा विभागाची अडगळीची खोली होती. एक पर्यवेक्षिका, एक टेबलटेनिसचं टेबल, आणि जाळीच्या दोन बाजूंना समोरासमोर साहेब आणि स्टेनोकाका. पहिले तीन प्रश्न सरावाप्रमाणे पार पडले. चौथा प्रश्न असा होता: 'पत्रव्यवहार हे इतिहासाचे साधन म्हणून कितपत विश्वासार्ह मानावे?'

स्टेनोकाकांनी प्रश्न वाचला आणि पहिल्यांदाच घड्याळाकडे पाहिलं नाही. ते बोलू लागले. पत्राखाली सही एकाची असते आणि भाषा दुसऱ्याची असू शकते, ते म्हणाले. अधिकारी रागाने बोलतो आणि पत्र शांतपणे जातं. मधे कोणीतरी बसलेलं असतं. त्या मधल्या माणसाने एखादा शब्द गाळला म्हणून भांडणं टळली असतील, एखादा घातला म्हणून माणसं कामावर राहिली असतील. इतिहासकाराला सही दिसते. त्याने सहीच्या वरचं वाक्य कानाला लावून पाहावं, आणि हा सही करणाऱ्याचाच आवाज आहे का, हे विचारावं.

वाक्यं एकामागून एक, मापात, आटोपशीर येत होती. साहेबांचे कान हळूहळू लाल होत गेले, पण पेन थांबलं नाही. शेवटचं वाक्य संपलं. ते इतकं नेटकं संपलं की साहेबांचा हात आपोआप दोन बोटं खाली सरकला आणि त्याने तिथे सही ठोकली. लांबलचक, खाली दुहेरी रेघ, शेजारी तारीख.

पर्यवेक्षिकेने उत्तरपत्रिका घेताना ती पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी कोणतीही खूण करणं हा गैरप्रकार. त्याला पेपर रद्द आणि एक वर्षाची बंदी.

एक वर्ष. मुलीने घरी विद्यापीठाचं चौकशीचं पत्र वाचलं आणि घडी घालून टेबलावर ठेवलं. मावशी आल्याच. "सही केली? परीक्षेत? अहो, मी साध्या पावतीवरसुद्धा सही करत नाही!"

साहेब फोनवर इतकंच म्हणाले, "स्टेनो, हे कसं झालं मला कळत नाही." आणि प्रथमच मजकूर अर्धवट टाकून त्यांनी फोन ठेवला.

चौकशी समिती चार दिवसांनी, दुसऱ्या पेपराच्या आदल्या दिवशी बसली. अध्यक्ष रसायनशास्त्राचे प्राध्यापक, बरोबर दोन सदस्य. केंद्राच्या बाई फायलींचा गठ्ठा घेऊन आल्या आणि वकीलबाई काहीही न घेता.

"नियम म्हणतो, ओळख पटेल अशी खूण," वकीलबाई म्हणाल्या. "पटली का ओळख? वाचा ती सही."

सही समितीत फिरली. अध्यक्षांना ते आडनाव वाटलं पण कुठलं ते सांगता येईना. एका सदस्याला पक्षी दिसला. दुसऱ्याने ती उत्तराला जोडलेली नदीखोऱ्याची आकृती समजून मनातल्या मनात एक गुणही दिला होता.

"मुद्दा विनोदाचा नाही," अध्यक्ष हसू आवरत म्हणाले. "सही का झाली, हे विद्यार्थ्याने लेखी दिलं पाहिजे. लेखनिक स्वतःच गुंतलेले आहेत, ते लिहू शकत नाहीत."

"मग हे कसे लिहिणार?" बाईंनी विचारलं. "कशासाठी आलोय आपण इथे?"

अध्यक्षांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं. "सांगा काका. मी घेतो लिहून."

स्टेनोकाका उभे राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण मजकूर सांगताना साहेब नेहमी उभे राहत आणि दुसरी पद्धत त्यांना माहीत नव्हती.

"चौथ्या उत्तराखाली माझ्या लेखनिकांची सही आहे," ते म्हणाले. "ती त्यांनी मुद्दाम केलेली नाही. चौतीस वर्षं मी त्यांची पत्रं तयार केली. ते सांगत तेच मी घेत असे, पण टंकलिखित करताना दोन शब्द काढत असे, एखादा घालत असे, वाक्य फिरवत असे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पत्र वाचून ते खाली सही करत. त्या दिवशी चौथं उत्तर सांगताना मला भीती वाटली नाही, त्यामुळे ते त्या पत्रांसारखं उतरलं. माझी भाषा त्यांच्या हाताने ओळखली. तेव्हा ओळख पटेल अशी खूण उत्तरपत्रिकेत आहे, हा आरोप मला मान्य आहे. पण ती खूण म्हणजे सही नव्हे, वाक्यं आहेत. सही खोडता येईल. वाक्यं ठेवावीत, ही विनंती."

अध्यक्षांनी शेवटचा शब्द लिहिला आणि कागद सदस्यांकडे सरकवला. साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. देखभाल विभागाची भिंत होती.

सहीवर कागदाची पट्टी चिकटवून पेपर तपासायला पाठवावा, आणि लेखनिकांना लेखी ताकीद द्यावी, असं ठरलं. साहेबांनी आयुष्यभर ताकिदी दिल्या होत्या. घ्यायची ही पहिली. ती त्यांनी उभ्या उभ्या वाचली.

"यात दोन चुका आहेत," ते बाहेर येऊन म्हणाले. मग ताकिदीची घडी करून कोटाच्या खिशात ठेवली. "स्टेनो, गोदामाच्या भांडणातलं ते पत्र. ज्याचं वरून कौतुक आलं होतं. ते माझं होतं ना?"

"आशय तुमचाच होता, साहेब."

"आणि बाकी?"

"बाकी टंकलेखन."

साहेब थांबले. मग हसू लागले, इतकं की त्यांना कठडा धरावा लागला. "चौतीस वर्षं! आणि मला वाटायचं, छापून आलं की माझी भाषा जरा खुलते. तर्कशास्त्रात एकवीस उगाच नव्हते मिळाले!"

निकाल पुढे यथावकाश लागला आणि स्टेनोकाका पास झाले. चौथ्या प्रश्नाला वीसपैकी सतरा. पण सांगण्यासारखा आहे तो दुसरा पेपर.

त्या दिवशी सकाळपासून स्टेनोकाकांचा आवाज बसला होता. चौकशीत बोलल्याने असेल, असं मुलगी म्हणाली. असेल, असं ते म्हणाले. दोघांनीही डॉक्टरांचं नाव काढलं नाही. खोलीत गेल्यावर जाळीपलीकडून साहेबांना शब्द पोचेनात. त्यांनी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आले आणि स्टेनोकाकांच्या तोंडाशी कान नेऊन बसले.

"इतकं जवळ बसता येणार नाही," पर्यवेक्षिका म्हणाल्या.

"मग तुम्ही इथे मधे येऊन बसा आणि तुम्हाला ऐकू येतंय का बघा," साहेब म्हणाले. "आलं तर मी लांब जातो."

पर्यवेक्षिका येऊन बसल्या, दोन मिनिटं ऐकलं, आणि परत आपल्या जागी गेल्या.

त्या पेपरात साहेबांनी तेवीस वेळा "परत सांगा" म्हटलं. तेवीस वेळा स्टेनोकाकांनी परत सांगितलं, एक शब्दही न बदलता. शेवटचं उत्तर संपलं तेव्हा चार मिनिटं उरली होती. पर्यवेक्षिकेने मान उंच केली. साहेबांचा हात कागदाच्या तळाशी गेला, तिथे थबकला. मग त्यांनी उत्तरपत्रिका वळवून स्टेनोकाकांपुढे सरकवली आणि हातात पेन तयार धरून वाट पाहत राहिले.

स्टेनोकाकांनी सावकाश, ओळीवर बोट फिरवत शेवटचं उत्तर वाचलं. बोट थरथरत होतं, त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा वाचली गेली.

"दुसऱ्या परिच्छेदात," ते म्हणाले.

"परत सांगा."

"दुसऱ्या परिच्छेदात. 'परंतु'च्या आधी स्वल्पविराम राहिलाय."

साहेबांनी चष्मा सारखा केला आणि स्वल्पविराम दिला.